रा. रा., सौ. आणि इसम

जुन्या मराठी वर्तमानपत्राचा बांधीव खंड उघडला की पानोपानी एकच जोडी डोळ्यांत भरते : रा. रा. सभेला कोण हजर होते, शाळेला देणगी कुणी दिली, मामलेदाराची बदली कुठे झाली, कुणाच्या पुस्तकाची साभार पोच द्यायची आहे... प्रत्येक नावाआधी रा. रा. आजचा वाचक ती अक्षरं ओलांडून थेट नावावर जातो. माझं तसं होत नाही. माझी नोकरी मुद्रितशोधनाची. नावाआधी काय छापायचं आणि काय गाळायचं हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रुफावर समोर यायचा. आता निवृत्तीनंतर पुण्यातल्या ग्रंथालयांत जुने खंड वाचत बसते तेव्हाही नजर आधी तिथेच जाते. कुणाच्या नावाला काय लागलं आणि कुणाला काहीच लागलं नाही, यात त्या काळच्या समाजाचा खरा हिशेब आहे. तो कुणी मुद्दाम लिहिलेला नाही, म्हणून मला तो अग्रलेखांपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. हा मायना छापखान्याच्या किती तरी आधीचा, पत्रांतला. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचे मोडी कागद पाहिले तर 'अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य राजश्री' अशी सुरुवात, मग नाव आणि शेवटी 'गोसावी यांसी' हा साचा पुन्हा पुन्हा भेटतो. यातल्या गोसाव्याचा वैराग्याशी संबंध नाही, तो धनी किंवा स्वामी या अर्थाने येतो. कुणी कुणाला कोणता मायना लिहायचा याचे नियम ठरलेले होते आणि कारकून ते पाठ करत. हेमाडपंतांच्या नावाने सांगितलं जाणारं 'मेस्तक' हे अशाच नियमांचं. वडिलांना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, विद्वान ब्राह्मणाला वेदशास्त्रसंपन्न, बरोबरीच्या माणसाला राजमान्य राजश्री. मायना चुकला तर पत्र घेणारा रागवे, आणि त्याचं रागावणं कुणाला वावगं वाटत नसे. पत्रातल्या मजकुराच्या आधी नातं आणि पायरी सांगून होत असे.

पुढे या मायन्यांत वाढलेली मंडळी वर्तमानपत्रं काढू लागली. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी. भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' १८४१ चं, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ चं, पुण्याचं 'ज्ञानप्रकाश' १८४९ चं. आपण त्यांना वृत्तपत्रं म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बातमीदार, टेबलं, छायाचित्रं येतात. त्या पत्रांत यातलं फारसं काही नव्हतं. बराचसा मजकूर गावोगावच्या लोकांनी टपालाने पाठवलेला असे. गोपाळ हरी देशमुखांनी लोकहितवादी या नावाने 'प्रभाकर'मध्ये जे लिहिलं ते आपण आजही 'शतपत्रे' म्हणून ओळखतो, शतलेख म्हणून नाही. संपादकाला त्या काळी पत्रकर्ते म्हणत आणि त्याच्या पत्राचं नाव पुढे जोडत. शिवराम महादेव परांजप्यांना लोक काळकर्ते परांजपे म्हणतात ते यामुळेच, कारण १८९८ साली त्यांनी 'काळ' सुरू केला. पत्रकर्त्याला लिहायचं ते रीतसर मायन्यानिशी : वर रा. रा., मग सा. न. वि. वि., म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, मग तक्रार किंवा हकिगत, आणि शेवटी क. लो. अ., कळावे लोभ असावा. छापणारा ते तसंच छापे. घरगुती पत्रातली सगळी अदब अशी खिळ्यांत उतरली आणि सार्वजनिक झाली.

इथे एक बदल घडला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. १८१८ नंतर पुण्यात पेशवे राहिले नाहीत. राजमान्य म्हणायचं, तर मान देणारा राजा कोण? तरीही शब्द टिकला. उलट तो पसरला. दरबारात ज्याला कुणी राजमान्य म्हटलं नसतं असा पंतोजी, टपालखात्यातला कारकून, नवा वकील, मिशनच्या शाळेतला शिक्षक, तालुक्याच्या गावचा दुकानदार, सगळ्यांना वर्तमानपत्राने रा. रा. केलं. दहा रुपयांची वर्गणी देणाऱ्यालाही तेच आणि पाचशे देणाऱ्यालाही तेच. छापील पानावरची ही बरोबरी आज लहान वाटते, पण ज्या समाजात पंगतीत बसायची जागासुद्धा ठरलेली होती, त्यात देणगीदारांच्या यादीत एकाखाली एक सारखीच दोन अक्षरं छापली जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

अर्थात वरच्या पायऱ्या वेगळ्या होत्याच. संस्थानिक आणि सरदार श्रीमंत. कौन्सिलचे सभासद नामदार, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बाबतीत तर नामदार हा शब्द नावाचा भागच होऊन बसला. सरकारने दिलेले रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर, खानबहादूर हे किताब. शास्त्र्यांना वे. शा. सं., कीर्तनकारांना ह. भ. प., गोऱ्या अंमलदारांना मे., म्हणजे मेहेरबान, आणि नावापुढे साहेब. इंग्रजी शिकलेल्या पिढीबरोबर मि., प्रो., बॅ., रेव्ह. आले. ॲनी बेझंट एका ओळीत मिसेस बेझंट तर दुसऱ्या ओळीत बेझंटबाई. मुद्रितशोधकाला यात डोळ्यांत तेल घालून राहावं लागे, कारण रा. रा., रा. ब. आणि रा. सा. यांत एका अक्षराचा फरक आणि मानात मात्र मोठं अंतर. पहिला समाजाचा मायना, पुढचे दोन सरकारी किताब. रावबहादुराचं नुसतं रा. रा. झालं तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात चिठ्ठी येणारच.

या सगळ्या मांडणीची मला लहानपणापासून सवय. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचा छोटा छापखाना होता. एक ट्रेडल, खिळ्यांच्या पेट्या आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या गॅली. लग्नसराईत वडील काही ठरलेले शब्द आधीच जुळवून, सुतळीने बांधून फळीवर ओळीने ठेवत : चि., चि. सौ. कां., श्री., रा. रा., ज्येष्ठ चिरंजीव, कनिष्ठ कन्या. प्रत्येक पत्रिकेला ते लागणारच. गिऱ्हाईक हाताने लिहिलेला कागद घेऊन आलं की वडील आधी नावं वाचत नसत, नावांच्या आधीचं वाचत. आजोबा हयात आहेत की कैलासवासी? आई सौभाग्यवती आहे ना? काकांना रावसाहेब लावायचं का? हे सगळं विचारून झालं की मग कागद कंपोझिटरकडे जाई. लग्नाची तारीख किंवा गाव चुकलं तर लोक वडिलांना चार शब्द बोलून मोकळे होत. पण सौ. आणि गं. भा. यांची अदलाबदल झाली असती तर ते घर आयुष्यभर आमच्या दारी आलं नसतं.

जुन्या वर्तमानपत्रांत रा. रा. ज्यांना मिळालं नाही त्यांच्याकडे आता वळते. हा भाग वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

चोरी, मारामारी, दुष्काळ, पटकी, विहिरीत पडून मृत्यू या बातम्यांत माणसाला नाव असेलच असं नाही. तिथे येतो इसम. 'एक इसम', 'सदरहू इसम', 'इसम मजकूर'. हा शब्द अरबी 'इस्म' वरून आला आणि त्याचा मूळ अर्थच नाव असा आहे. आपल्याकडे दप्तरातल्या याद्यांमधून फिरता फिरता तो डोकी मोजायच्या कामी आला आणि शेवटी ज्याचं नाव सांगायची गरज वाटत नाही अशा माणसाला चिकटला. आजही पोलिसांच्या कागदावरून बातमीत 'अनोळखी इसम' जसाच्या तसा उतरतो. नाव असलंच तर एकेरी, बापाचं नाव नाही, आडनाव नाही, पुढे जात. मान देणाऱ्या जोडशब्दांची पायरीही जातीनुसार : कुणाला पंत, कुणाला राव, कुणाला शेट, कुणाला नुसता जी किंवा बा. महार शिपायांच्या नावांना नाक लागे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत तो आजही वाचता येतो. त्या माणसांनी युद्धात प्राण दिले, पण त्यांच्या नावाआधी रा. रा. लावावं असं एकोणिसाव्या शतकातल्या किती पत्रकर्त्यांच्या मनात आलं असेल? माझं उत्तर : फारच थोड्यांच्या.

म्हणून कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' सुरू केला ही घटना मी पत्रकारितेच्या इतिहासात फार वरच्या जागी ठेवते. शेतकरी आणि कामकरी यांच्यासाठीचं पत्र निघालं म्हणजे त्यांची नावं छापण्याची जागा तयार झाली. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत नेलं आणि गिरणीतल्या कामगाराला त्यात जागा मिळाली. त्याचे पुढचे संपादक वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर १९०६ पासून काही वर्षं ते त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी चालवलं. एका बाईने वर्तमानपत्राची संपादक म्हणून जबाबदारी घ्यावी हे त्या काळी देशातच दुर्मीळ. दुसऱ्या कुठल्या पत्रात त्या बहुधा 'रा. रा. वासुदेवराव यांचे कुटुंब' एवढ्यावर संपल्या असत्या.

जोतीराव फुल्यांचं एक पत्र याच संदर्भात आठवतं. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तिचं बोलावणं त्यांना आलं, आणि त्यांनी न येण्याची कारणं कळवणारं पत्र लिहिलं. ते 'ज्ञानोदय'ने छापलं. ज्यांना आमचे माणूस म्हणून हक्क मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, हा त्या पत्राचा गाभा. पण सुरुवात कशी आहे? रीतसर विनंती विशेष, आपले कृपापत्र पावले. मायन्यात कसूर नाही. ज्या अदबीत पत्रकर्ते आणि ग्रंथकार एकमेकांना लिहीत होते ती अदब पूर्ण पाळून जोतीरावांनी त्यांना नकार दिला आहे. मराठीतल्या मायन्याचा इतका ताठ कण्याचा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शाळेतल्या मुलांना पत्रलेखन शिकवताना हे पत्र समोर ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

बायकांच्या नावाआधी जे छापलं गेलं, त्यावर मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

पुरुषाच्या नावाआधीची अक्षरं त्याचा मान, हुद्दा, विद्या सांगत. बाईच्या नावाआधीची अक्षरं सांगत एकच गोष्ट : नवरा आहे की नाही. आहे तर सौ. गेला तर गं. भा., गंगाभागीरथी. अजून व्हायचाय तर कु., आणि लग्न ठरलं की चि. सौ. कां., सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे जिला त्या सौभाग्याची आकांक्षा आहे अशी. पुरुषाची बायको वारली म्हणून त्याचं रा. रा. बदललं नाही. विधुराला मराठीत वेगळी अक्षरं नाहीतच. आणि हे सगळं नाव छापलं गेलं तरचं. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक बातम्यांत नाव येतच नाही. 'रा. रा. अमुक यांचे कुटुंब', 'अमुकरावांच्या मातोश्री' असा उल्लेख येतो. कुटुंब म्हणजे बायको. समारंभाला दिवे लागले, गालिचे घातले, प्रमुख पाहुण्यांचं भाषण इंग्रजीत झालं, हे सगळं तपशिलाने, आणि पडद्याआड बसलेल्या मंडळींना एक ओळ.

ज्या थोड्या बायकांची नावं स्वच्छ दिसतात त्यांच्याभोवती म्हणूनच काहीतरी घडलेलं असतं. पंडिता रमाबाईंना पंडिता ही पदवी १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी दिली. ती विद्येची होती, म्हणून त्यांच्या नावाआधी सौ. किंवा गं. भा. यांना जागाच उरली नाही. वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं, ते वर्तमानपत्रांनाच दिलेलं उत्तर होतं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि पुण्याच्या पत्रांत सरसकट बायकांच्या वर्तनावर ताशेरे छापून आले, तेव्हा त्या उठल्या. नवरा मेला तर बाईने सगळं सोडायचं, मग बायको मेलेल्या पुरुषाने का नाही, हा त्यांचा प्रश्न. गं. भा. आणि रा. रा. यांतला फरक तो हाच.

पुढे मासिकं आली. का. र. मित्रांचं 'मनोरंजन' १८९५ चं, त्याचा १९०९ चा दिवाळी अंक हा आपल्या दिवाळी अंकांच्या परंपरेतला पहिला. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' निघालं. या पानांवर बाईचं नाव लेखाच्या माथ्यावर आलं. आधी सौ. असेल, पण नाव तिचं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं तेव्हा वर लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर, तेही टोपणनाव. अविवाहित, शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातलं इतक्या उघडपणे लिहिणारी ही कोण, यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. ही बाई आहे की पुरुष, लग्न झालेली की न झालेली, हे लोकांना आधी हवं होतं. कथा वाचून मत देता येत होतं, पण सौ. की कु. हे कळल्याशिवाय अनेकांना ते मत पक्कं करता येईना. लेखिकेने नावाआधी काही न लावता पुस्तक वाचकांच्या हातात दिलं, हे त्या पुस्तकाचं एक धाडसच होतं असं मी मानते.

माझ्या घरातला एक प्रसंग इथे सांगणं भाग आहे. वडील गेल्यावर छापखाना आईने चालवला. खिळे जुळवायला ती आधीपासून येत होतीच. माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका आमच्याच ट्रेडलवर छापायची होती. नातेवाइकांनी मजकूर आणला त्यात निमंत्रक म्हणून थोरल्या काकांचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत गं. भा. लावून आईचं. आईने कागद वाचला, बाजूला ठेवला आणि काकांना म्हणाली, "भाऊजी, निमंत्रण माझ्या नावाने जाऊ दे. नाव आणि आडनाव, पुढे-मागे काही नको." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, लोक विचारतील." आई म्हणाली, "विचारू द्या की." ती पत्रिका तिने स्वतः जुळवली. पुढे मी नोकरीला लागले तेव्हा एका साप्ताहिकाने माझ्या पहिल्या लेखावर मला न विचारता सौ. छापलं होतं. मी दुसऱ्या लेखाबरोबर चिठ्ठी जोडली : नाव आणि आडनाव, पुढे-मागे काही नको.

मृत्यूच्या बातम्यांमधली अक्षरं वेगळ्या कारणाने वाचण्यासारखी आहेत. कै. म्हणजे कैलासवासी, वै. म्हणजे वैकुंठवासी, यातलं वै. बहुधा वारकऱ्यांसाठी. मुसलमान गृहस्थ गेले तर मराठी पत्र पैगंबरवासी लिही, ख्रिस्ती गेले तर ख्रिस्तवासी. लिंगायतांसाठी लिंगैक्य. बौद्ध घरांतून पुढे कालकथित हा शब्द आला आणि निधनवार्तांच्या स्तंभात रुळला. नारायण वामन टिळकांसारख्या ख्रिस्ती कवीला कैलासवासी न म्हणता ख्रिस्तवासी म्हणणं ही मराठीने सहज दाखवलेली समज आहे. गेलेला माणूस ज्या घरी गेला असं त्याच्या माणसांना वाटतं, ते घर भाषेने मान्य केलं. अदबीचा इतका सुंदर वापर आपल्या जुन्या पत्रांत आहे हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल.

राजमान्य या शब्दाला खरं उत्तर मिळालं ते लोकमान्य या शब्दाने. बाळ गंगाधर टिळकांच्या नावाआधीही रा. रा. छापलं जाई. लोकांनी त्यांना लोकमान्य म्हटलं आणि वर्तमानपत्रांनी ते उचललं. राजाने मानलेला याच्या जागी लोकांनी मानलेला. १९०८ साली सरकारने त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवलं तेव्हा राज्याच्या लेखी ते गुन्हेगार होते, आणि मराठी माणसाच्या लेखी लोकमान्य. असे लोकांनी दिलेले मायने मग एकामागून एक आले : जोतीराव महात्मा, विठ्ठल रामजी शिंदे महर्षी, भाऊराव पाटील कर्मवीर, मुळशीचे बापट सेनापती. यांतला एकही सरकारने दिलेला नाही. सभांत आणि वर्तमानपत्रांत ते तयार झाले, आणि रावबहादुरांची नावं विसरली गेली तरी हे टिकले. १९५० मध्ये राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सैनिकी आणि विद्याविषयक सन्मान सोडून राज्याने कुठलाही किताब द्यायचा नाही असं ठरवलं, त्याच्या आधीच मराठी पत्रांनी सरकारी किताबांपेक्षा लोकांचे किताब मोठे करून ठेवले होते.

रा. रा. कधी गेलं याची तारीख सांगता येत नाही, तसा कुणी ठराव केला नाही. तारेला शब्दागणिक पैसे पडत, मथळे छोटे झाले, बातमी बातमीदार लिहू लागले आणि पत्राचा मायना मागे पडला. आधी रा. रा. चं नुसतं रा. झालं, मग श्रीयुत, मग श्री. पत्राच्या माथ्यावर देवाच्या आठवणीने लिहायचा तो श्री खाली उतरून माणसाच्या नावाला लागला. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी 'त्यांणीं' आणि 'नाहीं' यांवरचे अनुस्वार काढले तोवर रा. रा. बहुतेक ठिकाणी फक्त लग्नपत्रिकांत उरलं होतं. अक्षरं बदलली की अर्थही निसटतो. १९३० च्या सुमाराच्या नाटकाच्या जाहिरातीत मा. दीनानाथ वाचून आजचा मुलगा माननीय म्हणतो. तो मा. मास्टरचा, गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलांना कंपनीत मास्टर म्हणत तो. आज मा. कार्यक्रमपत्रिकांवर प्रत्येक पुढाऱ्याच्या नावाआधी असतो, आणि मा. दीनानाथ आणि मा. कृष्णराव यांची कमाई त्या गर्दीत दिसेनाशी होते.

आणि गं. भा. अजून संपलेलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी सरकारी व्यवहारात गंगाभागीरथी हा शब्द वापरावा असा प्रस्ताव महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला. महिला संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याला ठाम विरोध केला. त्याआधी एकच वर्ष, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. एका गावाने जे ओळखलं ते मंत्रालयातल्या कागदाने ओळखलं नाही. विधवा या शब्दाला जागा नको, इथवर माझं एकमत आहे. पण त्याच्या जागी दुसरा शब्द कशाला? नाव आहे ना तिला.

आपल्याकडे जुने अंक अजून पुष्कळ घरांत आहेत. माळ्यावर, ट्रंकेत, देवघरामागच्या फडताळात. वाळवीने खाल्लेले, कडा तुटलेले. ते रद्दीत देऊ नका. पुण्याचं नगर वाचन मंदिर, ठाण्याचं आणि मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय, तुमच्या जिल्ह्याचं मोठं ग्रंथालय, कुठेही विचारा, जपणारी माणसं भेटतात. पण देण्याआधी एक काम करा. एखाद्या पानावर तुमच्या आजोबा-पणजोबांचा उल्लेख असेल, आणि शेजारी 'यांचे कुटुंब' किंवा 'यांच्या मातोश्री' एवढंच असेल, तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्या बाईचं नाव विचारा. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. ते एका स्वच्छ कागदावर पेन्सिलीने लिहा, खाली पानाचा क्रमांक आणि अंकाची तारीख टाका, आणि तो कागद त्याच पानात घालून अंक ग्रंथालयाला द्या. नावाआधी काही लावू नका.